जास्त ऑक्टेनचं पेट्रोल: कोणत्या इंजिनाला लागू पडतं, कोणाला नुसतं महाग पडतं

आधी निकाल, मग कारणं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन पुरेसं म्हटलं असेल, इंजिनाला टर्बो नसेल आणि चढावर टिकटिक आवाज येत नसेल, तर ९५ किंवा ९८ भरून ॲव्हरेज वाढत नाही. मॅन्युअल ९५ 'सुचवत' असेल, इंजिन लहान आणि टर्बोचं असेल, गाडी बरेचदा भरलेली, घाटातून, उन्हात जात असेल, तर दोन-तीन टक्के फरक पडू शकतो. आणि मॅन्युअलने ९५ 'किमान' म्हणून सांगितलं असेल, तर परीक्षणाची गरजच नाही, तेच भरायचं.

हा निकाल पेट्रोलपेक्षा इंजिनावर जास्त अवलंबून आहे. म्हणूनच 'मला फरक जाणवला' आणि 'मला काहीच जाणवलं नाही' असं म्हणणारे दोघेही खरे असू शकतात.

ऑक्टेनचा आकडा काय मोजतो, इथेच पहिली गफलत होते. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा, असं अजिबात नाही. ठिणगी पडण्याआधी किंवा ज्वाला पोचण्याआधी स्वतःहून पेट न घेता इंधन किती दाब आणि उष्णता सोसतं, तेवढंच हा आकडा सांगतो. मोजपट्टीची दोन टोकं ठरलेली आहेत: आयसोऑक्टेन म्हणजे १००, एन-हेप्टेन म्हणजे ०. कम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) कमीजास्त करता येणाऱ्या एका सिलिंडरच्या चाचणी-इंजिनात ६०० आरपीएमवर इंधन तपासून जो आकडा येतो तो आरओएन; या लेखातले ९१, ९५, ९८ हे आरओएनचेच. ९०० आरपीएमवर, जास्त गरम मिश्रणावर येतो तो एमओएन. अमेरिकेतल्या पंपांवर या दोघांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथलं ८७ हे साधारण ९१-९२ आरओएनच्या बरोबरीचं असतं. परदेशी मॅन्युअल किंवा व्हिडिओ पाहून 'आमच्या पंपावरचं तर त्यांच्या प्रीमियमपेक्षा भारी' असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

ऊर्जेचं म्हणाल, तर एका लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ३२ मेगाज्यूल असतात, मग ते ९१ असो की ९८. रिफायनरीने ऑक्टेन कशाने वाढवलं यावर हा आकडा थोडा वरखाली होतो. ॲरोमॅटिक घटकांनी वाढवलं तर घनता वाढते आणि लिटरमागे ऊर्जा किंचित वाढते. इथेनॉलने वाढवलं तर ती सरळ घटते. म्हणजे 'प्रीमियम' पाटीखालच्या पेट्रोलमध्ये साध्यापेक्षा कमी ऊर्जा असणंही शक्य आहे.

इंजिनात नेमकं काय होतं?

पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता मुख्यतः कम्प्रेशन रेशोवर ठरते. आदर्श सूत्रात १० च्या रेशोला ६० टक्के कार्यक्षमता येते, १२ ला ६३, १४ ला ६५. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून निसटते, घर्षण आहे, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अर्धवट बंद असताना हवा ओढायला लागणारे कष्ट आहेत. त्यामुळे गाड्यांची बहुतेक चांगली पेट्रोल इंजिनंही ४० टक्क्यांच्या आसपास थांबतात, तीही ठरावीक वेग-भाराच्या टापूत. पण दिशा तीच: जितकं जास्त दाबाल, तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं.

दाबण्याला मर्यादा घालतं ते नॉकिंग. ठिणगी पडते, ज्वाला पसरू लागते, आणि तिच्यापुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं. ज्वाला पोचण्याआधीच ते एकदम पेटलं तर दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटतात. नेहमीच्या कारच्या सिलिंडरमध्ये त्यांची वारंवारता ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास असते. बाटलीत खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. जोराचं नॉकिंग टिकून राहिलं तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात.

आजच्या गाड्यांत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्याला ही कंपनं ऐकू आली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी काही अंश (क्रँकशाफ्टच्या फेरीतले) उशिरा टाकतं. इंजिन वाचतं, पण त्याची किंमत ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते. दाबाचा कळस पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १५ अंश खाली उतरला असताना यावा, तेव्हा सर्वात जास्त काम मिळतं. ठिणगी उशिरा पडली की हा कळस मागे सरकतो, आणि जी उष्णता पिस्टन ढकलायला हवी होती ती सायलेन्सरमधून निघून जाते. टर्बोच्या गाडीत पुढची पायरी येते: एक्झॉस्ट इतका तापतो की टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला ईसीयू जास्तीचं पेट्रोल फवारून ते थंड करतं. हे पेट्रोल गाडी पुढे नेण्यासाठी नसतंच.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल देऊ शकतं ते एवढंच: या तडजोडीत वाया जाणारं परत मिळवून देणं. इंजिन तडजोड करतच नसेल, तर परत मिळवण्यासारखं काही नसतं. आणि सपाट रस्त्यावर ६०-८० च्या एकसारख्या वेगात, थ्रॉटल जेमतेम उघडा असताना, जवळजवळ कुठलंच निरोगी इंजिन ही तडजोड करत नाही. साधं पेट्रोलही तिथे मजेत चालतं. फरक दिसतो तो चढावर, पूर्ण भरलेल्या गाडीत, तापलेल्या हवेत, आणि वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिन कुंथत असताना. या शेवटच्या सवयीवर एक गिअर खाली टाकणं हा फुकटचा उपाय आहे.

इंजिनाच्या जातीप्रमाणे निकाल

साधं, बिनटर्बोचं, इनटेक पोर्टमध्ये फवारणी करणारं, १० ते ११ रेशोचं इंजिन: पाचपैकी एक गुण, तोही पेट्रोलमधल्या डिटर्जंटला. अमेरिकेतल्या एएए या मोटारमालक संघटनेने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या तीन गाड्यांत, चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या, प्रीमियम भरून पाहिलं. ताकद, ॲव्हरेज, धूर, कशातही दखल घेण्याजोगी सुधारणा निघाली नाही.

लहान टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारं): इथे चार गुण देता येतील, मॅन्युअल जास्त ऑक्टेन सुचवत असेल तर. टर्बो हवा आधीच दाबून पाठवतो, त्यामुळे कागदावर १० चा रेशो असला तरी पूर्ण बूस्टवर शेवटचा दाब त्याहून फार वर जातो. त्याच संघटनेने २०१७ मध्ये प्रीमियम 'सुचवलेल्या' पण 'सक्ती नसलेल्या' गाड्या तपासल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढलं. पण सरासरीच्या आत डोकावलं तर गंमत दिसते: एका गाडीत ७.१ टक्के वाढ, तर दुसऱ्या एकीत १ टक्का घट. एकाच शिफारशीखालच्या गाड्यांत इतका फरक पडत असेल, तर शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपली टाकी भरू नये हे बरं.

अ‍ॅटकिन्सन पद्धतीची हायब्रिड इंजिनं: शून्य ते एक. माहितीपत्रकात १३ किंवा १४ चा रेशो वाचून लोक महागडं पेट्रोल भरतात आणि फसतात. या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागल्यावरही थोडी हवा परत ढकलली जाते, म्हणून प्रत्यक्ष दाबणं कमी असतं आणि प्रसरण मात्र पूर्ण १३ पट मिळतं. चौथ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचं इंजिन १३ च्या रेशोचं आहे, कंपनीने त्यासाठी ४० टक्के कार्यक्षमता सांगितली, आणि ते साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनवलेलं आहे. त्यामुळे माहितीपत्रकातल्या रेशोवरून पेट्रोल ठरवू नका. पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर आणि मॅन्युअल, एवढ्यांचंच ऐका.

माझदाची स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिनं या दोन्हींच्या मधली. १४ रेशो असूनही नॉकिंग आवरायला त्यांनी लांब ४-२-१ एक्झॉस्ट वापरला. एका सिलिंडरचा गरम धूर दुसऱ्यात परत घुसू नये, हा त्यामागचा हेतू. उरलेला गरम वायू कमी, म्हणजे नवं मिश्रण थंड. अमेरिकेत मात्र तिथल्या साध्या पेट्रोलवर चालावं म्हणून तेच इंजिन १३ वर आणलं. पेट्रोल बाजारात काय मिळतं यावरून इंजिनाचा रेशो कापावा लागतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल. निसानच्या व्हीसी-टर्बोने तर रेशोच चालता-चालता बदलता ठेवला: संथ चालीत १४, पूर्ण जोर लावताना ८. यंत्र गुंतागुंतीचं, पण कल्पना सरळ आहे.

इथेनॉलचा हिशेब वेगळा मांडा

ॲव्हरेजच्या तक्रारींत ऑक्टेनला जो दोष किंवा श्रेय मिळतं, त्यातलं बरंचसं खरं तर इथेनॉलचं असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे २१ मेगाज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. १० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के घटते, २० टक्क्यांना पावणेसात टक्क्यांच्या घरात. ज्या ठिकाणी साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं आणि प्रीमियम ५ टक्क्यांचं असतं, तिथे ऑक्टेनचा काडीचाही संबंध नसताना प्रीमियमवर पावणेदोन टक्के जास्त अंतर मिळतं. जाहिरातीत याचा उल्लेख सापडणार नाही.

उलट बाजूही आहे. इथेनॉलचं आरओएन १०८ च्या आसपास असतं, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. थेट सिलिंडरमध्ये फवारणी होणाऱ्या इंजिनात मिश्रण त्यामुळे चांगलंच थंड होतं. मिश्रणासाठीच आखलेलं, जास्त रेशोचं इंजिन ही तूट बरीच भरून काढू शकतं. जुन्या, कमी रेशोच्या इंजिनाला मात्र या गुणाचा उपयोग करता येत नाही. त्याच्या वाट्याला फक्त तूट येते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते: पेट्रोलला वजनाने १४.७ भाग, इथेनॉलला ९. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी फवारणी वाढवून हे जुळवून घेते. कार्ब्युरेटरची गाडी जुळवून घेत नाही, ती पातळ मिश्रणावर धक्के देत चालते.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर आणखी एक. १० टक्के मिश्रण साधारण १५ अंश सेल्सिअसला अर्धा टक्काच पाणी पोटात ठेवू शकतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं आणि पंप नेमका तळाचा थर उचलतो. टाकी भरलेली ठेवली की आतली दमट हवा कमी, धोकाही कमी.

डिटर्जंट: प्रीमियमची दुसरी अर्धी गोष्ट

बऱ्याच कंपन्या प्रीमियममध्ये डिटर्जंटचा डोस वाढवतात, आणि माझ्या मते पैसे देण्याचं हे ऑक्टेनपेक्षा जास्त पटणारं कारण आहे. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून 'टॉप टिअर' हा डिटर्जंटचा दर्जा ठरवला, कारण सरकारी किमान पातळी त्यांना अपुरी वाटत होती. वर उल्लेख आलेल्या एएएच्याच २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत, ४,००० मैलांच्या बरोबरीच्या चालवण्यानंतर, या दर्जाबाहेरच्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त कार्बन धरला. मात्र हा दर्जा पाळणाऱ्या ब्रँडच्या साध्या पेट्रोलमध्येही तो डिटर्जंट असतोच. त्यासाठी महाग नोझल उचलायची गरज नाही.

डिटर्जंटचा उपयोग कुठे संपतो, तेही बघा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, थेट सिलिंडरात जातं. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) तेलकट वाफ व्हॉल्व्हवर बसते, भाजते, थर चढतो. पेट्रोलमध्ये काहीही घाला, तो धुतला जात नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचांच्या भुकटीने तो उडवावा लागतो. इंजेक्टरची टोकं मात्र डिटर्जंटने साफ राहतात, आणि २०० ते ३५० बारच्या दाबाने सूक्ष्म फवारा मारणाऱ्या टोकांसाठी ते महत्त्वाचं आहे. काही गाड्यांत पोर्ट आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर असतात. त्यांना हा त्रास कमी.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. 'ऑक्टेन बूस्टर'च्या बाटलीवर '३० पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं. या भाषेत १० पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, म्हणजे ९१ चं ९४, ९१ चं १२१ नव्हे. त्यात मँगनीजचं एमएमटी असेल तर स्पार्क प्लगच्या टोकावर नारिंगी-तांबूस थर बसतो, फेरोसीन असेल तर लोखंडाचा लालसर. जाड झालेला थर वीज वाहू लागला की मिसफायर सुरू. पीईए हे डिटर्जंट असलेला इंजेक्टर क्लीनर मात्र उपयोगाचा, पण ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत घाला. सुटलेली घाण आणि न जळलेलं द्रव्य थोडं ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं आणि तत्सम यंत्रं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, मोजक्यांनीच किरकोळ फायदा दाखवला.

प्रीमियम डिझेल हा वेगळा विषय. तिथे सिटेन, म्हणजे इंधन किती सहज पेट घेतं ते, मोजतात. ते वाढलं की थंडीत स्टार्ट सुरळीत आणि आवाज मऊ होतो. ॲव्हरेजवर परिणाम नगण्य.

आपल्या गाडीवर तपासायचं कसं

एका टाकीवरून काही ठरवू नका. नोझलचा ऑटो कट वेगवेगळ्या पातळीला पडतो. ३५ लिटरच्या भरण्यात एका लिटरची चूक सहज होते, म्हणजे जवळपास ३ टक्के. जो फरक शोधायचाय तोच ३ टक्के! म्हणून साध्याच्या तीन टाक्या, मग प्रीमियमच्या तीन, मग पुन्हा साध्याच्या तीन. सलग तीन भरल्यावर मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, फक्त पहिली आणि शेवटची उरते. तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच बाजूला उतार असलेल्या जागी, पहिल्या ऑटो कटला थांबायचं. प्रीमियमची पहिली टाकी हिशेबात धरू नका. आधीचं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ईसीयूलाही ठिणगीचं नवं टायमिंग शिकायला वेळ लागतो. टायर थंड असताना हवा सारखी ठेवा: दर १ पीएसआय कमी झाल्यावर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्का जातं, आठ पीएसआयचं दुर्लक्ष प्रीमियमचा बहुतेक फायदा गिळून टाकतं. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज केवळ कल बघायला, हिशेबाला नाही.

ज्यांच्याकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) आहे त्यांनी थेट ठिणगीचं टायमिंग बघावं. एकच चढ, एकच गिअर, एकच आरपीएम, आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं. प्रीमियमवर टायमिंग तीन-चार अंश पुढे गेलं तर इंजिन खरोखर तडजोड करत होतं. हललंच नाही, तर साध्या नोझलकडे परत जा. त्याच पडद्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती कमीजास्त पेट्रोल फवारतंय ते, दिसतं. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक; १० च्या पुढे गेलं असेल तर पेट्रोलचा विचार सोडा आणि हवेची गळती, पेट्रोलचा दाब, ऑक्सिजन सेन्सर तपासा. खराब ऑक्सिजन सेन्सर जेवढं पेट्रोल खातो, तेवढं कुठलंही ऑक्टेन वाचवू शकत नाही.

आता पैशांचा हिशेब, जो सगळे टाळतात: प्रीमियम जितके टक्के महाग, तितकेच टक्के ॲव्हरेज वाढलं तरच खर्च बरोबरीत सुटतो. २.७ टक्के वाढीसाठी १० टक्के जास्त मोजणं हा बचतीचा मार्ग नाही. पिकअप, इंजिनाचा शांतपणा यांसाठी मोजायचे असतील तर खुशाल मोजा.

किमान ९५ लागणाऱ्या गाडीत चुकून ९१ भरलं गेलं, तर टाकी उपसायची घाई करू नका. ऑक्टेन मिसळल्यावर जवळपास सरासरीनेच जुळतं: २० लिटर ९१ वर २० लिटर ९८ ओतलं की साडेचौऱ्याण्णवच्या आसपास येतं. तोवर थ्रॉटल पूर्ण दाबू नका, वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमखाली जोर लावू नका. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हे कटाक्षाने पाळा, कारण कमी आरपीएम आणि पूर्ण बूस्टवर ठिणगीच्याही आधी पेट घेण्याचा जो प्रकार होतो, तो नॉक सेन्सरला टायमिंग मागे घेऊन आवरता येत नाही. त्यासाठी ऑइलही एपीआय एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचंच हवं.